बाळाच्या नावात राऊत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर शेजारच्या पोराचं नाव कार्टर ऐकून तुम्ही म्हणालात, "हे तर आडनाव झालं, पोट्ट्याचं नाव काय?" तेच त्याचं नाव. त्याची बहीण हार्पर, मित्र मेसन आणि कूपर. सगळी मुळात आडनावं, आणि तीही कामधंद्यावरून पडलेली. कार्टर म्हणजे गाडीवान, मेसन गवंडी, कूपर लाकडी पिंपं बनवणारा, टॅनर कातडं कमावणारा. इथे अमेरिकेत सरकार दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढते. २०११ साली मुलांच्या यादीत मेसन दुसरा होता. मॅडिसनची तर गंमतच. १९८४ च्या एका सिनेमातली जलपरी रस्त्याची पाटी वाचून ते नाव घेते. त्याआधी ते मुलीचं नाव म्हणून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि २००१ मध्ये मुलींच्या यादीत दुसरं.

टॅनर म्हटलं तर इथे कुणाच्या डोक्यात चामडं येत नाही. मला याचा हेवा वाटतो. आपल्याकडे आडनाव सांगितलं की पुढचा माणूस जात शोधायला लागते. त्यात आपण राऊत, म्हणजे कितीतरी समाजांत असलेलं आडनाव. एसटीत, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, "कोणते राऊत?" हा प्रश्न ठरलेला. तुम्ही "आर्वीकडचे" म्हणून मोकळे व्हायचे, आणि विचारणारा तसाच ताटकळत राहायचा.

आडनावाचं नाव करायची रीत आपल्या देशातही आहे म्हणा. तमिळनाडूचे स्टालिन १ मार्च १९५३ ला जन्मले, रशियाचे स्टालिन चारच दिवसांनी वारले. आणि तुमचा आवडता वॉशिंग्टन सुंदर! त्याच्या वडिलांना मदत करणाऱ्या एका निवृत्त फौजी माणसाचं नाव त्याला ठेवलं.

पण मी लिहायला बसली ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पूर्वी इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठ्या घरांत आईच्या माहेरचं आडनाव लेकराला नाव म्हणून देत. फ्रँकलिन डेलानो रूझवेल्टमधलं डेलानो आईकडचं, जॉन फिट्झगेराल्ड केनेडीमधलं फिट्झगेराल्डही आईकडचंच. आम्ही दोघांनी ठरवलं आहे की बाळाचं मधलं नाव राऊत ठेवायचं. तुमच्या जावयांनीच आधी सुचवलं. आपल्याकडे मधे बापाचं नाव असते, पण इथल्या फॉर्मवर तशी सक्ती नाही. सासूबाई ऐकून जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, बारशाला आत्या कानात सांगेल ते नाव मात्र आम्ही निवडू. मी लगेच हो म्हटलं.

आम्ही दोघी बहिणीच, म्हणून काकांनी एकदा भर बैठकीत "तुझं नाव तुझ्यासोबतच संपलं" म्हटलं होतं, ते तुम्ही हसून सोडलं. मी नाही सोडलं. लग्नानंतर पासपोर्ट बदलताना माझ्या नावातलं तुमचं नाव गेलं, तेव्हाही कोणाला काही वाटलं नाही. मलाही तेव्हा नाही वाटलं, खरं सांगायचं तर. आता पोटात लेकरू आहे तर रात्री झोप लागत नाही आणि असलं सगळं आठवते.

आई, तुझं इंगोले तर कुठेच उरलं नाही. मामांसाठी हक्कसोड करून दिलं तेव्हा सातबाऱ्यावरूनही गेलं. धाकटीला सांगून ठेवलं आहे, तिच्या पाळीला इंगोले.

फॉर्म दवाखान्यातूनच भरून देतात, म्हणून तुम्हाला पटत नसेल तर दिवाळीच्या आत सांगा. कापसाचा वेचा चालू असेल, तरी रात्री फोन करा. आणखी एक काम. तुमच्या पासबुकाचा फोटो पाठवा. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर राऊत आर-ए-यू-टी आहे, धाकटीच्या मार्कलिस्टवर मधे ओ आहे. तुमच्यावर जे असेल तेच बाळाला लिहू.

तुमची,
मोठी