ताई, माप नव्याने घे

लीड्स, इंग्लंड, 9 नोव्हेंबर

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालीस, "आता या वयात काय अंगाला बसणार आणि काय शोभणार! दोन ढगळ कुर्ते घेतलेत, पुरे झाले." आणि विषय बदललास. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. फोनवर तू माझं ऐकून घेत नाहीस, पत्र मात्र नीट वाचतेस, म्हणून सविस्तर लिहिते.

मी काम करते ते दुकान कपडे उसवून, आवळून, सैल करून देणारं. गिऱ्हाइकं बहुतेक आपल्याच वयाच्या बायका. पडद्यामागून कपडा घालून बाहेर येतात आणि मी टेप हातात घ्यायच्या आत शरीराबद्दल माफी मागायला लागतात. पोट सुटलंय, दंड जाड झालेत, पाठीकडे बघूच नका. इंग्लिश असो, पंजाबी असो, पोलिश असो, सगळ्यांचं तेच. आणि परवा तूही तेच केलंस. मी त्यांना जे सांगते तेच तुला सांगते: तुझ्यात काही बिघडलेलं नाही, कपडा तुझ्या मापाचा नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. आरशासमोर उभं करून चार टाचण्या लावल्या की ज्याचं त्याला दिसतं.

पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि जी चरबी आधी मांड्यांवर, नितंबांवर बसायची ती पोटाकडे सरकते. वजनाच्या काट्यावर फारसा फरक नसला तरी कंबरेचं माप बदललेलं असतं. छाती खाली येते, पाठीचा वरचा भाग थोडा गोल होतो, खांदे पुढे झुकतात. तुझं तर आयुष्य वह्या तपासण्यात गेलं, म्हणजे खांदे पुढे आलेच असणार. पाठ गोल झाली की तिला कापड जास्त लागतं. मग कुर्ता मागे ओढला जातो, पुढचा गळा वर चढून घशाला लागतो आणि तू दिवसभर तो खाली ओढत बसतेस. आपण म्हणतो कुर्ता लहान झाला, आणि दोन नंबर मोठा आणतो. मोठ्या नंबरात खांदा उतरतो, मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, लोंबतो, गळा फाकतो, आणि पोटाशी मात्र जेमतेम होतो. ढगळ कपड्याने काही झाकलं जात नाही, ताई. छातीवरून सरळ खाली पडणारं कापड छातीएवढी रुंदी थेट गुडघ्यापर्यंत नेतं. अंग त्यात आहे त्याहून मोठं दिसतं.

आता आपल्याकडच्या मापाच्या ब्लाउजबद्दल. टेलरकडे जाताना तू अजून तोच मोतिया रंगाचा ब्लाउज पिशवीत घालून नेतेस ना? "याच्यावरून शिवा, फक्त जरा सैल ठेवा." तो ब्लाउज शिवला तेव्हा तुझा मुलगा प्राथमिक शाळेत होता, आता तो नोकरीला लागला. टेलर बिचारा त्याच ब्लाउजचा खांदा, तोच मुंढा, तेच टक्स, म्हणजे छातीशी गोलाई यायला शिवलेले दुमड, घेतो आणि दोन्ही बगलांत अर्धा-अर्धा इंच वाढवतो. म्हणजे कापड बगलेत वाढतं. तुला ते हवंय छातीच्या पुढे आणि पाठीवर. तो ब्लाउज आता घरीच ठेव. टेलरला सांग, अंगावरून माप घ्या. बाईमाणसाने माप घ्यावं असं वाटत असेल तर शिवणकाम करणारी एखादी बाई शोध, सांगलीत गल्लोगल्ली आहेत.

माप द्यायला जाताना आत नवी, नीट बसणारी ब्रा घालून जा. याबद्दल आपल्या घरात कधी कोणी बोललं नाही, म्हणून मी स्पष्ट लिहिते. आधार खांद्यावरच्या पट्ट्यांनी द्यायचा नसतो, छातीखालच्या पट्ट्याने द्यायचा असतो. तो पट्टा पाठीवर वर चढत असेल तर सैल आहे. पट्ट्या खांद्यात रुतत असतील तरी बहुतेक वेळा कारण तेच. नवी घेताना शेवटच्या, म्हणजे सगळ्यात सैल हुकावर बसेल अशी घे, कारण इलॅस्टिक पुढे सैलावतं आणि मग आतले हुक कामी येतात. छाती जागेवर आली की ब्लाउजचे टक्स आपोआप जागेवर येतात. टक्सचं टोक छातीच्या उंचवट्याच्या साधारण इंचभर अलीकडे थांबायला हवं. तिथे नसेल तर कितीही महाग कापड असो, पुढे चुण्या पडणारच. भरल्या छातीला कटोरी किंवा प्रिन्सेस कट चांगला बसतो, कारण त्यात कापडालाच गोलाई दिलेली असते.

आणि मुंढा! हे मी इथे शिकले आणि प्रत्येकीला सांगावंसं वाटतं. हात मोकळा राहावा म्हणून आपण मुंढा मोठा, खोल ठेवायला सांगतो. होतं उलटंच. तू फळ्यावर लिहायला हात वर केलास की खोल मुंढ्याचा कुर्ता अख्खाच्या अख्खा वर उचलला जातो, कारण बाहीचा जोड पार बरगडीपाशी असतो. मुंढा बगलेच्या जवळ, पण न काचता, कापलेला असेल तर हात वर जातो आणि कुर्ता जागेवर राहतो. तुझ्यासारख्या दिवसभर फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईला याच्याइतकी सोय दुसऱ्या कशात नाही. ट्रायल घेताना नुसती सरळ उभी राहू नकोस. हात वर कर, खाली वाक, स्टुलावर बस. दंडाचं माप हात कोपरात वाकवून दे. कंबर आणि सीटचं माप उभ्याने एकदा आणि बसून एकदा घे, मोठं येईल ते धर. आणि मुलीला सांग, मागून आणि बाजूने फोटो काढ. आरशात आपण स्वतःला फक्त समोरून बघतो, आणि तेही श्वास धरून.

तयार कपडे घ्यायचे तर खांदा आणि अंगाची सर्वात रुंद जागा, या दोन्ही ठिकाणी बसेल तो घ्यायचा, बाकीचं आवळून घ्यायचं. बगल आवळता येते, उंची कमी करता येते, बाही निमुळती करता येते. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही काढून पुन्हा जोडायची, ते खर्चाचं आणि कटकटीचं काम. आत माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, किती सोडली आहे ते कपडा उलटा करून बघ. माया असेल तर पुढे सैलही करता येतो. लेबलवरच्या नंबराकडे मात्र लक्ष देऊ नकोस. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1939-40 मध्ये जवळजवळ 15,000 बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची 59, आणि त्या कामातून पुढे 1958 मध्ये तिथे कपड्यांच्या नंबरांचं सरकारी प्रमाण ठरलं. दुकानदारांनी ते हळूहळू सोडून दिलं आणि 1983 मध्ये ते रद्दही झालं. इथेही एका दुकानाचा बारा नंबर दुसऱ्या दुकानाच्या चौदाएवढा असतो. आपल्याकडे एनआयएफटी या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने भारतीय अंगांची मापं घ्यायचा मोठा प्रकल्प हाती घेतला तो अगदी अलीकडे. आपल्या बायकांची अंगं मोजायच्या कितीतरी आधी एम, एल, एक्सएल आपल्या दुकानांत येऊन बसले. ते तुला बसत नसतील तर त्यात तुझं काय चुकलं?

या गावात राहून मला मापाचं महत्त्व जास्तच पटलंय. लीड्स हे शिलाईचं गाव. जॉन बॅरन नावाच्या कारखानदाराने 1858 मध्ये इथे पट्ट्यासारखी फिरणारी सुरी आणली. तिने कापडाचे कितीतरी थर एकदम कापले जाऊ लागले आणि तयार कपड्यांचा धंदा उभा राहिला. पुढे लिथुएनियातून आलेल्या माँटेग्यू बर्टन यांनी हडसन रोडवर एवढा मोठा कारखाना काढला की तिथे एकेकाळी दहा हजारांहून जास्त माणसं कामाला होती. देशभरच्या त्यांच्या दुकानांत गिऱ्हाइकाची मापं घ्यायची, ती लीड्सला पाठवायची आणि सूट त्या मापाने शिवून परत जायचा. किंमत साध्या नोकरदाराला, कामगाराला परवडेल अशी. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. आता तो कारखाना राहिला नाही आणि इथे साधी पँट आखूड करायला दहा-पंधरा पौंड पडतात. अंगावर माप घेऊन रोजचा कपडा शिवून घेणं हे इथे श्रीमंतांचं काम झालंय. तुझ्याकडे ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ते सोडून तू ऑनलाइन डबल एक्सएल मागवतेस, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कुर्त्याचं थोडक्यात सांगते. सरळ कटाचा कुर्ता पोटावर अडतो. छातीपर्यंत बसता आणि तिथून खाली हळूहळू घेर सुटलेला, म्हणजे ए-लाइन, तुला शोभेल. बाजूचा कट सीटच्या सर्वात रुंद जागेच्या थोडा वर सुरू होऊ दे, म्हणजे चालताना कुर्ता अडकत नाही. उंचीही त्या रुंद जागेवर संपू नये; एकतर वर किंवा सरळ गुडघ्याच्या आसपास. गळा थोडा खोल, व्ही किंवा चौकोनी. आणि खिसा! उजव्या शिवणीत खोल खिसा मागून घे, चष्मा आणि मोबाइल राहील इतका. कापड आधी भिजवून वाळवून मग शिवायला दे, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळी मापं वाया.

साडीचं म्हणशील तर गडबड बहुतेक परकरात असते. चुण्यांचा परकर पोटावर जाडी वाढवतो आणि दोरीसारखी नाडी कंबरेत रुतून काळा वळ पाडते. आईच्या कंबरेवर तो वळ आपण लहानपणापासून पाहिलाय. कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद होत जाणाऱ्या तुकड्यांचा परकर शिव, वर रुंद पट्टी आणि चपटी नाडी. कडक स्टार्चची साडी अंगापासून लांब उभी राहते. शाळेत रोज नेसायला मऊ सुती किंवा महेश्वरी बघ, ती अंगावर उतरते. वर्गात घाम फुटतो म्हणालीस, तेव्हा पॉलिएस्टरचं अस्तर अजिबात नको, सुतीच लाव.

कपाटात "वजन उतरलं की घालीन" म्हणून ठेवलेले ब्लाउज आणि ड्रेस बाजूला काढ. ज्यांत माया आहे ते सैल करायला दे, बाकीचे ज्यांना बसतील त्यांना देऊन टाक. रोज सकाळी कपाट उघडल्यावर न बसणाऱ्या कपड्यांकडे बघून तू शाळेत जावंस हे मला सहन होत नाही. इतकी वर्षं घरातल्या प्रत्येकाचे कपडे तू त्याच्या मापाने आणलेस. आता स्वतःचं माप घ्यायला एक दुपार काढ.

हरभट रोडवर जाशील तेव्हा साधं सुती कापड घे आणि आधी एकच कुर्ता शिव. तो बरोबर बसला की त्याच मापाचे तीन-चार शिवता येतील. मापं मला लिहून पाठव: खांदा, पाठीची रुंदी, मुंढा, छाती, छातीखाली, कंबर, सीट, दंड. मी मार्चमध्ये येताना इथल्या बाजारातून तुझ्यासाठी लिननचे दोन तुकडे आणते.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. आईच्या बोटांना आता हुक लागत नाहीत असं म्हणत होतीस. तिच्या ब्लाउजांना हुकाऐवजी मोठी टिचबटणं लावून घे, आणि दिसायला वर नुसती शोभेची बटणं टाक. माप मात्र तिचंही नव्याने घ्यायला सांग.