तुझा कागद सापडला

प्रिय निल्या,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील तर तो राग रास्त आहे. प्रकृती ठीक. आईचा गुडघाही आता बरा.

आज बसलो, कारण अकाउंटिंगच्या जुन्या वहीत तुझा तो बाणांचा कागद सापडला. ज्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो, तोच. सगळ्यात खाली तू 'फायनान्स' लिहिलं होतंस आणि तिथून उलटा वर चढत गेला होतास. डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे शेअर-रोख्यांच्या भावावर बेतलेले करार, त्यांच्या आधी संभाव्यता, तिच्या आधी कॅल्क्युलस. इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीने अर्थशास्त्र तपासणं, त्याच्या आधी संख्याशास्त्र. मी म्हणालो होतो, "मला फायनान्स शिकायचंय, गणित नाही." त्यावर तू जे म्हणालास ते इथे लिहीत नाही, पाकीट बंद करण्याआधी सुमी पत्र वाचते.

परवा तिसऱ्या वर्षाचे विषय निवडायला घेतले. शेवटच्या सत्राला डेरिव्हेटिव्ह्ज हवं, तर आधी संभाव्यता झालेली पाहिजे. ती वर्षातून एकदाच शिकवतात आणि तिला कॅल्क्युलसचा दुसरा भाग लागतो. माझा पहिलाच झालाय. दुसऱ्या वर्षी एक विषय पुढे ढकलला, तर चौथं वर्ष अडकलं.

पण निल्या, नियमात बसत नाही एवढंच असतं तर मी अर्ज-विनंत्या करून सुटलो असतो. मला कळेनासं झालंय, हे खरं दुखणं आहे. पोर्टफोलिओच्या (पैसे अनेक शेअरमध्ये वाटण्याच्या) तासाला दोन शेअरचं उदाहरण झालं, छान समजलं. मग सरांनी पन्नास शेअर घेतले. पन्नास व्हेरियन्स (एकेक शेअर किती हलतो) आणि 1225 कोव्हेरियन्स (दोन-दोन शेअर एकत्र कसे हलतात)! मॅट्रिक्स येणारी मुलं एका ओळीत मोकळी झाली, मी पानभर बेरजा मांडत राहिलो. सरांनी तेव्हाच सांगितलं, की पोर्टफोलिओचा हा विचार मार्कोविट्झने 1952 मध्ये मांडला आणि त्याच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन म्हणाला, हे अर्थशास्त्रच नाही. त्याच कामासाठी 1990 मध्ये मार्कोविट्झला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला तुझा कागद आठवला. मीही तुला तेच म्हणत होतो, हे फायनान्सच नाही.

रोख्यांचंही तसंच. दहा वर्षांनी 100 देणारा, मधे व्याज न देणारा रोखा. बाजारातला व्याजदर 5 टक्के असताना त्याची किंमत 61.39, दर 6 झाला की 55.84. ड्युरेशनचं सूत्र पाठ होतं, मार्कही मिळाले. दर हलला की किंमत किती हलते, म्हणजे ते सूत्र साधं कॅल्क्युलसमधलं डेरिव्हेटिव्हच (बदलाचा वेग, करार नव्हे) आहे, हे मात्र परीक्षेनंतर दोन महिन्यांनी लक्षात आलं. त्या रात्री झोप लागली नाही.

एका बाबतीत मात्र अजून भांडणार. अकाउंटिंगला तू एकच बाण दिलास. मी ताळेबंद विश्लेषणाचा जादा विषय घेतला आणि तो फुकट गेला नाही. उधारीवर माल विकला की नफा दिसतो, पण पगाराला रोकड नसते. तुझ्या कुठल्याही समीकरणाआधी हे दिसायला हवं. तो बाण जाड कर.

आता दोन वाटा. डेरिव्हेटिव्ह्ज सोडून सोपे विषय घ्यायचे आणि वेळेत सुटायचं. नाहीतर या सत्रात कॅल्क्युलसचा दुसरा भाग आणि लिनिअर अल्जेब्रा (तेच मॅट्रिक्सचं गणित), पुढे संभाव्यता, आणि एक सत्र जास्त. आबांनी त्या सत्राच्या फीचा हिशेब कागदावर मांडून ठेवलाय, बोलत काही नाहीत. मला दुसरी वाट हवी आहे. आबांसमोर ते बोलून दाखवायची हिंमत गोळा करतोय.

तुझी नवी नोकरी, घर बदललंस, सगळं सुमीकडून कळलं. अभिनंदन, मनापासून. काकूंना नमस्कार सांग. बाळाचा फोटो पाठव.

तुझ्या कागदाची नक्कल सोबत आहे. बाणांखाली मी सत्रांचे आकडे टाकलेत. चुकेल तिथे लाल पेनाने खोड, पण लवकर. नोंदणी पुढच्या शुक्रवारी बंद होते.

तुझा,
राजा