टाके भरले, पण स्नायू?

महोदय,
बाळंतपणात ‘थोडं फाटलं, टाके घातले’ एवढ्यावर विषय संपतो. पण योनीमार्गाशी पडलेली ही चीर गुदद्वाराच्या वर्तुळाकार स्नायूपर्यंत गेली तर ती तिसऱ्या श्रेणीची; आतड्याच्या अस्तरापर्यंत गेली तर चौथ्या. वरून कातडी नीट शिवली आणि आतला स्नायू तुटकाच राहिला, की जखम भरल्यासारखी दिसते. वारा आवरत नाही, शी लागली की संडासापर्यंत धाव घ्यावी लागते, संबंधांच्या वेळी दुखतं. काहींना हा त्रास पाळी जाण्याच्या वयात प्रथम जाणवतो आणि त्याचा बाळंतपणाशी संबंध कुणी जोडतच नाही.

चूक होते ती पहिल्याच तासात. टाके घालण्याआधी आणि नंतर गुदद्वारात बोट घालून तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत, तरी ते राहून जातं. मोठी चीर प्रसूतीच्या टेबलावर घाईने शिवू नये. ऑपरेशन थिएटरमध्ये, पुरेशी भूल आणि चांगला उजेड असताना, अनुभवी हातांनीच शिवावी. पुढे प्रतिजैविकं आणि शी मऊ ठेवणारं औषध हवंच. कुंथल्याने टाके ताणतात.

आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतात. त्यांनी बाळाच्या वजनासोबत बाळंतिणीला एकांतात विचारावं, “वारा, शी आवरते का?” सासूसमोर याचं खरं उत्तर मिळणार नाही. त्रास असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत. पुढच्या खेपेला प्रसूती कशी करायची, हे गरोदरपणातच ठरवावं. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर चिरेची श्रेणी लिहिलेली हवी.

– दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, नाशिक