आधी टायर, मग डोंगर

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी बर्फासाठी हिवाळी टायर घ्या म्हटलं, तर तू म्हणालीस, "बाबा, गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, टायरचं काय घेऊन बसलात!" तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला आणि माझं उत्तर राहिलं. ते लिहून पाठवतोय. जावईबापूंनाही वाचायला दे.

इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते हे खरं. बर्फात गाडी जागची हलवायला, चढ चढायला त्याचा फार उपयोग. पण ब्रेकचं काय? चारही चाकांना ब्रेक तर आपल्या जुन्या मारुतीलाही होते! गाडी थांबवताना तुमची ती महागडी यंत्रणा काही करत नाही, वळतानाही फारसं नाही. तिथे रस्त्याला टेकलेलं तळहाताएवढं रबर काय ते उपयोगी. उलट गाडी सुटताना घसरत नाही म्हणून रस्ता किती निसरडा झालाय हे कळतच नाही. कळतं ते पुढच्या गाडीचे लाल दिवे लागल्यावर.

ताशी 30 मैलांनी जाताना कोरड्या डांबरावर ब्रेक दाबलास, तर गाडी साधारण 13-14 मीटरमध्ये उभी राहते. दाबून घट्ट बसलेल्या बर्फावर तिला 40 मीटरही पुरत नाहीत. काचेसारख्या गोठलेल्या थरावर त्याच्या दुप्पट धर. आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलंच नाही.

तुमच्या कोलोरॅडोचा बर्फातल्या टायरचा कायदाही वाचला. तो आय-70 महामार्गावर मॉरिसन ते डॉट्सेरो या टप्प्यात, 1 सप्टेंबर ते 31 मे लागू असतो. ऑल व्हील ड्राइव्ह असेल आणि टायरच्या नक्षीची खोली 3/16 इंच, म्हणजे पावणेपाच मिमीच्या आसपास असेल, तर गाडी नियमात बसते. जावईबापू याच्यावरच विसंबून आहेत ना? कायद्याला गाड्या अडकून रस्ता तुंबू नये एवढंच बघायचं असतं. मला तू वेळेत थांबायला हवीस.

वर्कशॉपमध्ये जन्म गेला माझा, पण तिथे थंडीतलं रबर कधी हाताळलं नव्हतं. म्हणून मुद्दाम वाचून घेतलं. पारा 7 अंश सेल्सिअसखाली गेला की साधं रबर कडक व्हायला लागतं, आपल्याकडे जानेवारीत खोबरेल तेल थिजतं तसं. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका जास्त, म्हणून ते गारठ्यातही मऊ राहतं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात. शिवाय नक्षीत थोडा बर्फ अडकून राहतो, आणि बर्फाला बर्फ चांगला धरतो. चिखलातला टायर साफ राहावा म्हणून आमची केवढी धडपड असायची! इथे सगळं उलटं.

'ऑल सीझन' या नावावर जाऊ नका. टायरच्या बाजूला 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असतं, ते फक्त नक्षीच्या आकारावरून. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमफूल असं चिन्ह असेल तर टायर बर्फावर खरोखर तपासलेला असतो. मात्र त्या चाचणीतही गाडी पुढे ओढण्याची पकड मोजतात, ब्रेकची नाही. तेव्हा चिन्ह म्हणजे किमान पात्रता समजा. नुसतं डेन्व्हरमध्ये फिरायचं असतं तर हे चिन्ह असलेले 'ऑल वेदर' चालले असते, दरवर्षी दोनदा टायर बदलायची कटकटही वाचली असती. पण तुम्ही दर शनिवारी स्कीइंगला पळता. तुम्हाला खरे हिवाळीच घ्यायला हवेत.

आणि चारही घ्या. एसटीत आम्ही नवे टायर पुढे लावायचो आणि रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेले) मागे, त्याला बसपुरतं कारण होतं. पण तुमच्या गाडीत दोन चांगले आणि दोन गोटा, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेले, अशी जोडी लावलीत तर पकड नसलेली बाजू आधी सुटेल, आणि टायरच्या घेरात फरक पडला की चारही चाकं जोडणाऱ्या यंत्रणेवर ताण येईल तो वेगळाच. खर्चाने जावईबापूंचा चेहरा पडेल. त्यांना सांग, हे टायर चालतात तेवढे महिने दुसरे चार झिजत नाहीत.

त्याच आय-70 वर आयझेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना घाटाचा जुना नियम पाळ: ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअलवर घेऊन गिअर हळूच खाली आण. इथे मात्र तुझी ऑल व्हील ड्राइव्ह मदतीला येते, इंजिनचा अटकाव चारही चाकांवर वाटला जातो. एबीएसमुळे (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) ब्रेकचा पेडल पायाखाली थरथरला तर घाबरून पाय उचलू नकोस, दाबूनच धर. पुलावर आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला दिसला तरी तो गोठलेला आहे असंच समज.

पारा दर 10 अंश फॅरेनहाइटने उतरला की टायरमधली हवा साधारण एक पाउंड उतरते, म्हणून थंडीची लाट आली की गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना तपास. टायर बसवल्यावर 50-100 मैलांनी चाकाचे नट पुन्हा आवळून घे. आणि पैसे देण्याआधी टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मला फोटो काढून पाठव. 3523 असेल तर तो 2023 च्या 35 व्या आठवड्यातला माल. फार जुना निघाला तर मी इथूनच नको म्हणेन.

तुझे,
बाबा