उभ्याचं तिकीट काढलंस, आता जागा निवड

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. पहिली रॉक कॉन्सर्ट, आणि तीही उभ्याचं तिकीट काढून! मैत्रिणी म्हणतात लवकर रांग लावून पहिली ओळ धरू, आणि आई म्हणते लांब कोपऱ्यात उभी राहा. मला दोन्ही पटत नाही. कुठे उभी राहतेस यावर गाणं कसं ऐकू येणार, कान किती शाबूत राहणार आणि गर्दीचा रेटा किती सोसावा लागणार, हे सगळं ठरतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. आईलाही वाचून दाखव.

आधी आवाजाचं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्पीकरची खोकी एकाखाली एक टांगलेली दिसतील. वरची जवळजवळ सरळ आणि खालची आत वळलेली, अशी ती माळ असते. तिला लाइन अ‍ॅरे म्हणतात. वरची खोकी लांबच्या लोकांसाठी आणि खालची जवळच्यांसाठी असतात. पहिल्या ओळीतल्या माणसाच्या मात्र डोक्यावरून हा सगळा आवाज निघून जातो. त्याच्या वाट्याला स्टेजच्या कडेला ठेवलेले छोटे स्पीकर, गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा थेट आवाज आणि ड्रमचा कडकडाट येतो. गाणाऱ्याचे शब्द बारीक आणि लांबून आल्यासारखे वाटतात. पहिल्या ओळीत वादकाची बोटं दिसतात, घाम दिसतो, नजरानजर होते. ते सुख मोठं आहे. पण गाणं नीट ऐकायची ती जागा नाही, एवढं कळून मग तिथे जा.

उत्तम आवाज ऐकायचा असेल तर साउंड इंजिनिअरचं कन्सोल, म्हणजे आवाज जमवायचं टेबल, शोध. प्रेक्षकांच्या मधोमध, थोडं मागच्या बाजूला, कठड्याने वेढलेला चौथरा असतो. त्यावर टेबलं, दिवे आणि दोन-तीन माणसं दिसतील. तो इंजिनिअर स्वतःच्या कानांना ऐकू येतं त्यावरून सगळं जमवत असतो, त्यामुळे त्याच्या पुढ्यात उभं राहिलं की तो जे ऐकतो तेच तू ऐकतेस. शिवाय मागे कठडा असल्याने पाठीमागून रेटा येत नाही, आणि उंची कमी असलेल्यांना पाठ टेकायला आधार मिळतो. पहिल्या खेपेला मी तुला हीच जागा सांगेन.

खर्जाची गंमत वेगळी. सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, बहुतेक जमिनीवर, स्टेजच्या पायथ्याशी असतात. ४० हर्ट्झच्या स्वराची एक लाट जवळपास साडेआठ मीटर लांब असते. डाव्या-उजव्या सबवूफरच्या लाटा मध्यरेषेवर एकाच वेळी पोचतात आणि खर्ज छातीत धडकतो. मध्यापासून बाजूला सरकलं की एक लाट आधी आणि दुसरी नंतर येते, काही ठिकाणी त्या एकमेकींना खोडतात आणि बेस गिटार गायब झाल्यासारखी वाटते. असं झालं तर बँडला नावं ठेवू नकोस. चार-पाच पावलं इकडेतिकडे सरकून बघ, खर्ज परत येईल.

पहिली दोन-तीन गाणी गढूळ वाटली तरी धीर धर. साउंडचेक, म्हणजे आधीची आवाजाची चाचणी, रिकाम्या सभागृहात होतो, भिंतींवरून आवाज घुमतो. लोक भरले की त्यांची शरीरं आणि कपडे वरच्या पट्टीचे आवाज शोषतात, आणि इंजिनिअरला सगळं नव्याने जुळवावं लागतं. मोकळ्या मैदानावर फार मागे असशील तर आणखी एक गोष्ट जाणवेल. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १०० मीटरवर तो पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो. पडद्यावर ड्रमरची काठी आधी पडलेली दिसते, ठोका मागून येतो. मोठ्या मैदानात मध्ये खांब रोवून त्यांवर स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढून येणाऱ्या आवाजाशी त्याचा मेळ बसतो.

आता कान. या बाबतीत मी अजिबात सूट देणार नाही. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला फार तर ८ तास सोसावा असा सर्वसाधारण हिशेब आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की मुदत निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. रॉक कॉन्सर्टमध्ये आवाज सहज १०० च्या वर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असा दंडक सुचवला. सुचवला, म्हणजे सगळीकडे पाळतातच असं नाही. कानाच्या आत ज्या केसासारख्या पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. ‘द हू’ या बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी कानातल्या कायमच्या गुणगुणीबद्दल उघडपणे सांगितलं आहे. एसी/डीसी या बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यावरून दौरा अर्धवट सोडावा लागला होता.

इअरप्लग दोन तऱ्हेचे मिळतात. स्पंजचे स्वस्त असतात आणि आवाज भरपूर कमी करतात, पण वरच्या पट्टीचा आवाज जास्त खातात, त्यामुळे गाणं रजईखालून ऐकल्यासारखं लागतं. दुसरे फिल्टरवाले, संगीतासाठीच बनवलेले. ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या, १५ ते २० डेसिबलनी उतरवतात, शब्द स्पष्ट राहतात. १०३ डेसिबलचे ८८ झाले की आठ मिनिटांची मुदत चार तासांवर जाते, म्हणजे अख्खा कार्यक्रम निभावतो. जमलं तर हेच घे.

स्पंजचे घेतलेस तर घालायची रीत नीट शिकून घे, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. हात स्वच्छ धू. बोळा दोन बोटांत धरून वळत वळत बारीक, सुरकुती नसलेली वात कर. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढ, म्हणजे आतली वाकडी वाट सरळ होते. मग वात आत सरकव आणि बोट तसंच टेकवून ३० सेकंद थांब. ती फुगत फुगत नळीत बसते. बोट लगेच काढलं तर बोळा बाहेर सरकतो, आवाज फटीतून आत येतो, आणि लोक म्हणतात की प्लगचा काही उपयोग नाही. नीट बसला असेल तर तुझाच आवाज तुला भांड्यात बोलल्यासारखा घुमेल. हे सगळं पहिला बँड सुरू व्हायच्या आधी कर. मध्येच कोणाशी बोलायला प्लग काढू नकोस, बाहेर जाऊन बोल. एक जादा जोडी खिशात असू दे, गर्दीत खाली पडलेला प्लग परत सापडत नाही. आणि प्लग असले तरी स्पीकरच्या माळेच्या अगदी पुढ्यात उभी राहू नकोस.

गर्दीबद्दल आई काळजी करते ते खोटं नाही, पण लांबचा कोपरा हा त्यावरचा उपाय नव्हे. दाटी मोजायला शीक. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसं झाली की दोन्ही खांद्यांना सतत कोणीतरी लागतं. सहा-सातच्या वर गेलं की गर्दी पाण्यासारखी वागते, लाटा येतात आणि आपण न चालता पुढेमागे वाहवत जातो. खूण सोपी आहे: हात वर आणून चेहऱ्याला लावता येत नसेल, तर त्याच क्षणी निघायचं. गाणं कितीही आवडतं असो. लोक अशा वेळी तुडवले जाऊन मरतात असा समज आहे. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं, छातीवर इतका दाब येतो की श्वास घ्यायला ती फुगतच नाही. म्हणून दाटीत मुष्टियोद्ध्यासारखे दोन्ही हात छातीपुढे धर, एक पाय पुढे आणि एक मागे ठेव. लाटेविरुद्ध ढकलू नकोस, दमून जाशील. लाट आली की तिच्याबरोबर जा, ओसरली की तिरकं, कडेच्या दिशेने दोन पावलं सरक. पुढची लाट, पुन्हा दोन पावलं. स्टेजपुढच्या कठड्याजवळ असशील आणि कोंडल्यासारखं झालं तर हात वर करून पलीकडच्या सिक्युरिटीवाल्याला स्वतःकडे बोट दाखव. तो उचलून पलीकडे घेतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्याचं कामच ते आहे.

लाट कधी येणार हे बरंचसं आधी कळतं. पहिला बँड आटोपला की साधारण अर्धा तास अदलाबदल चालते. त्यांचे ड्रम उतरवतात आणि मागे काळ्या कापडाखाली झाकलेले मुख्य बँडचे ड्रम उघडे करतात. एक तंत्रज्ञ बास ड्रमवर एकसुरी ठोके देत बसतो, दुसरा एकेक गिटार वाजवून तारा जुळवतो. मग पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेल येतात, आणि माइकच्या पायाशी गाण्यांची यादी चिकटपट्टीने जमिनीवर डकवली जाते. शेवटी स्टेजवरून कन्सोलकडे टॉर्च चमकतो. सगळं तयार आहे, अशी ती खूण असते. दिवे जातात, आणि त्याच क्षणी मागचे सगळे चार पावलं पुढे येतात. पुढच्या कठड्याला जोडलेला एक आडवा पत्रा जमिनीवर, पहिल्या ओळीच्या पायांखाली असतो. पहिल्या ओळीच्याच वजनाने कठडा जागचा हलत नाही, आणि म्हणूनच मागून आलेला सगळा रेटा पहिल्या ओळीच्या बरगड्यांवर येतो. जागा नकोशी वाटत असेल तर ती यादी डकवायच्या आधीच सोड.

या गोष्टी लोकांनी जीव देऊन शिकवल्या आहेत. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत ‘द हू’च्या कॉन्सर्टआधी, उघडलेली दारं थोडी आणि मागून रेटा, यात बाहेरच ११ जण गेले. म्हणून मैत्रिणींना सांग, दार उघडतानाच्या घोळक्यात घुसायचं नाही, दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. ३० जून २००० ला डेन्मार्कच्या रॉस्किल्डला पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना चिखलात पाय घसरून लोक पडले आणि ९ तरुण गुदमरले. पावसाने ओलं झालेलं मैदान असेल तर पुढची जागा आपली नाही. आणि २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात स्टेशन नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या फटाक्यांनी भिंतीवरच्या फोमला आग लागली, १०० माणसं गेली. बहुतेक जण ज्या दाराने आत आले होते त्याच दाराकडे धावले आणि तिथेच अडकले. तेव्हा आत गेल्या गेल्या, प्लग घालायच्याही आधी, दुसरी दोन दारं शोधून ठेव. जिथे उभी राहशील तिथून सर्वांत जवळचं कुठलं, हे पुन्हा एकदा बघ.

मॉश पिट, म्हणजे एकमेकांना धडका देत नाचायची जागा, हे भांडण नाही. गर्दीत मधोमध गोल मोकळी जागा व्हायला लागली की कडेच्यांनी समजून घ्यायचं. नको असेल तर दोन-तीन माणसं मागे सरकायचं. आत गेलीस तर तळवे उघडे आणि कोपर खाली. कोणी पडलं की थांबायचं आणि आधी त्याला उभं करायचं, हा तिथला नियम. बुटाची नाडी सुटली तर गर्दीत वाकू नकोस, कडेला ये. नाडीला दुहेरी गाठ घरूनच मार. लोकांच्या हातांवरून, डोक्यावरून कोणी तरंगत आलं तर मागे वळून हात वर कर, बुटाची लाथ बहुतेक वेळा बेसावध डोक्यालाच बसते.

बाकीचं थोडक्यात. बंद बूट, सुती टी-शर्ट, आणि बाहेर पडल्यावर घामाने थंडी वाजते म्हणून कमरेला बांधायला एक पातळ जॅकेट. बॅग किती मोठी चालते ते तिकिटावर वाच. फोन पूर्ण चार्ज करून ने आणि तिकीट घरूनच उघडून ठेव, कारण दाराशी हजारो फोन एकाच टॉवरवर येतात आणि नेटवर्क बसतं. म्हणूनच चुकामूक झाली तर भेटायची खूण आधी ठरवा, ‘कन्सोलच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात’ अशी नेमकी. रेकॉर्डिंग करायचंच असेल तर एक गाणं कर. फोनचा माइक एवढ्या आवाजात फाटतो, आणि फ्लॅश पुढच्याच्या पाठीपलीकडे पोचत नाही.

बँड आत गेला आणि सभागृहातले दिवे बंदच राहिले तर थांब, अजून दोन-तीन गाणी बाकी आहेत. दिवे लागले आणि स्पीकरवर रेकॉर्डवरचं संगीत सुरू झालं की संपलं. तेव्हाही दाराकडे धावू नकोस, दहा मिनिटं कन्सोलजवळच उभी राहा, गर्दी पातळ होऊ दे. रात्री कान गुणगुणले किंवा कापूस भरल्यासारखे वाटले तर पुढचे दोन दिवस हेडफोन बंद. तिसऱ्या दिवशीही तसंच असेल तर कानाच्या डॉक्टरकडे जायचं, आपोआप जाईल म्हणून बसायचं नाही.

प्लग आले की घरी दोन-तीनदा घालून बघ आणि घुमतं का ते मला कळव. आईबाबांना साष्टांग नमस्कार.

तुझा
दादा