जिन्याबद्दल

इंदूर, ११ जून

ती. आई-बाबा, सा. न. वि. वि.

नोकरी सोडलेली नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे बाबा पुढचं शांतपणे वाचतील आणि आई मधलीच ओळ काढून ताईला वाचून दाखवणार नाही.

होळीला ताईकडून इंदूरला घरी येतो म्हणालात तेव्हा मी फोनवर म्हणालो होतो की बाबांच्या डाव्या गुडघ्याला अजून जिना झेपायचा नाही. ते खरं होतं, पण अर्धंच. आमच्या बँडचा दुसरा अल्बम आम्ही आपल्याच घरात रेकॉर्ड करत होतो, आणि तेव्हा जिन्यात ड्रम होते. खालच्या चौकात, बाबांची सायकल असते तिथे अख्खा सेट, आणि पहिल्या वळणावर कठड्याला बांधलेले दोन माइक. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात, म्हणूनच विचारलं नाही. हो म्हणून मग महिनाभर पंखा बंद करून, खोकला दाबत, कुकरची शिट्टी काढून ठेवून बसला असतात.

स्टुडिओत का नाही केलं, हा बाबांचा पहिला प्रश्न असणार. पहिल्या अल्बमची गाणी आम्ही सहा वर्षं वाजवून घोटलेली होती, ती तीन दिवसांत उरकली. दुसऱ्या अल्बमची गोची अशी की गाणी अर्धीच तयार असतात, बाकीची वाजवता वाजवता घडवायची असतात, आणि तासाचं मीटर चालू असलं की माणूस पहिला बरा टेक (एका दमात वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) ठेवून घेतो आणि गप्प बसतो. हे आमचंच खूळ नाही. द बँड नावाच्याच बँडने १९६९ सालचा आपला दुसरा अल्बम बराचसा लॉस एंजेलिसच्या एका भाड्याच्या घरात, पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोलीत केला. लेड झेपेलिनचा जॉन बोनम एका जुन्या इंग्लिश घरात जिन्याच्या तळाशी बसून वाजवत होता आणि माइक वर टांगलेले होते. त्यांच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमातला तो ड्रमचा आवाज लोक अजून शोधत असतात. आपला जिना त्याच्यापुढे अरुंद, पण पायऱ्या कोटा फरशीच्या आणि भिंती चुन्याच्या. टाळी वाजवली तर आवाज गच्चीच्या दाराला लागून परत येतो. आई, तू खालून ‘दूध पिऊन जा’ म्हणायचीस ते मला गच्चीवर पतंगापाशी ऐकू यायचं, आणि मी ऐकूच आलं नाही म्हणायचो. ऐकू यायचं.

स्नेअरपासून (सेटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमपासून) वरचे माइक १२ फुटांवर होते. आवाजाला एका फुटाला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतो, म्हणजे तिथे तो १०-११ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. कॉम्प्युटरवर ट्रॅक सरकवून ते जुळवता येतं. जुळवलं, तर ड्रम नेमके झाले आणि जिनाच नाहीसा झाला. परत होता तिथे नेऊन ठेवला, फक्त पोलॅरिटी उलटी केली (आवाजाच्या लाटेची वरची बाजू खाली), तेव्हा बेस ड्रमचं गेलेलं पोट परत आलं.

गोधड्या वापरल्या, हे कबूल. पहिल्या दिवशी वरच्या खोलीत सात टांगल्या आणि तिथेच चुकलं. कापूस वरचा झणझणीत आवाज खातो, खालचा घुमा तसाच सोडतो. खोली मुकी झाली आणि बेस कोपऱ्यांत जाऊन बसला. मग तीनच ठेवल्या, भिंतीपासून चार बोटं सोडून, आणि गाद्यांच्या जाड वळकट्या कोपऱ्यांत उभ्या केल्या. त्यानेही घुमा जात नाही, कमी होतो इतकंच. आज्जीच्या लुगड्याची गोधडी मी पेटीतून काढलीसुद्धा नाही. बाकीच्या सगळ्या, दोन दिवस उन्हात घालून घडी करून ठेवल्यात.

गिटारचा अँप (अँप्लिफायर) कोठीच्या खोलीत होता. दर ‘जी’ सुराला काहीतरी खडखडायचं. स्पीकर उघडून पाहिला, व्हॉल्व्ह बदलून पाहिले (बाबांच्या जुन्या रेडिओत असायचे तसलेच). निघाली गव्हाची पत्र्याची कोठी, रिकामी म्हणून थरथरणारी. दोन पोती शरबती ओतला तेव्हा गप्प झाली. तेव्हा आई, गहू भरलेला आहे, कडुलिंबाचा पाला घातला आहे, आल्या आल्या आणखी मागवू नकोस.

आणि अर्थिंग. दिवे-पंखे, फ्रिज सगळं बंद केलं तरी गिटारमध्ये बारीक गुणगुण येत राहायची. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला तर ११ व्होल्ट, जिथे दोन-तीनच्या आत हवेत. मागच्या अंगणातला खड्डा कोरडा ठाक पडलेला, पाइप गंजून गेलेला. नवा पाइप, कोळसा, मीठ, वरून पाणी. गुणगुण गेली. गीझरच्या नळाला झिणझिण्या येतात असं तू दहा वर्षं सांगत होतीस आणि आम्ही तिघं हसत होतो. त्याही गेल्या. आता उन्हाळाभर आठवड्याला एक बादली पाणी त्या खड्ड्यात ओतायचं, आणि ते मी ओतीन, तू नाही.

शेजारच्या काकूंची दुपारची झोप सोडून ११ ते १ आणि ४ ते ६ एवढ्याच वेळात ड्रम वाजवले. त्यांनी तक्रार केली नाही, उलट डबा पाठवला. गाणं म्हणायचं रात्री ११ नंतर, आणि अकूस्टिक गिटार पहाटे, कारण तेव्हाच रस्त्यावर गाडी नसते. मात्र सातला कचरागाडी. शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलेलं, त्यामुळे गाडी चुकत नाही आणि तिचं गाणंही चुकत नाही. एका फार चांगल्या टेकच्या शेपटीत ते लांबून येतं. तारा अजून वाजत असतानाच येतं, त्यामुळे ते पुसायला गेलं की गिटारही पुसली जाते. ठेवलं.

आता अल्बम बाहेर आल्यावर लोक काय म्हणाले ते. ताईच्या फोनवर तुम्ही वाचलंच असणार. ‘पहिल्यातला जोर गेला’, ‘आवाज लांबून येतो’. पहिला अल्बम आम्ही मास्टरिंगमध्ये (शेवटच्या हातफिरवणीत) दाबून दाबून उणे ७ एलयूएफएसला नेला होता. हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा. स्पॉटिफाय, सेटिंग बदललं नाही तर, सगळी गाणी उणे १४ च्या आसपास आणून ऐकवतं, म्हणजे केलेला आरडाओरडा ते खाली आणतं आणि मागे उरतो तो नुसता सपाटपणा. या वेळी उणे १२ वर थांबलो. हळू भाग हळू आहेत, आणि जिना ऐकू यायला तेवढी शांतता लागते. पण फोनच्या स्पीकरवर खालचे सूर उमटतच नाहीत, त्यामुळे तिथे तो लांबचा आवाज नुसताच लांबचा वाटतो. तेव्हा बाबा, फोनवर ऐकू नका. ताईकडे माझा जुना, कानांवर बसणारा हेडफोन आहे, तो लावा.

पहिलं गाणं ५० सेकंदांनंतर सुरू होतं, हीसुद्धा तक्रार आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की गाणं ऐकलं असं मोजतात, म्हणजे हिशेबात ऐकणारे आहेत आणि गाणं त्यांच्यापर्यंत पोहोचलेलंच नाही. हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. सातवं गाणंही गाळायला हवं होतं, कच्चं आहे. बाकी मात्र मी मागे घेणार नाही. वीझर नावाच्या बँडचा दुसरा अल्बम १९९६ साली आला तेव्हा रोलिंग स्टोनच्या वाचकांनी तो वर्षातल्या सगळ्यात वाईट अल्बमांत बसवला होता, आणि पुढे त्याच अल्बमला लोकांनी डोक्यावर घेतलं. हे मी स्वतःची समजूत घालायला लिहीत नाही. थोडं त्यासाठीच लिहितोय.

बाबा, पहिल्या वेळी तुमचं एकच म्हणणं होतं, ‘शब्द कळत नाहीत’. या वेळी सगळ्या गाण्यांत गळा दीड डेसिबल वर आहे. बँडमध्ये त्यावरून भांडण झालं. मी हटलो नाही.

पैशांचं थोडक्यात. चौघांत सारखी वाटणी, कागदावर सह्या, गाणी आयपीआरएसला (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत) नोंदवलेली. तुमच्या एफडीला हात लावलेला नाही.

आता मुख्य. तुमचा पलंग खाली बैठकीत आणला आहे. वरची खोली रेकॉर्डिंगचीच राहील, खिडकीला दुहेरी काचही बसवून झाली. रागावू नका, आधी ऐका. दोन्ही गुडघे नवे झाल्यावर दिवसातून चारदा जिना कशाला? बैठकीतून संडास सात पावलांवर आहे, कमोडवर चार इंची उंचवटा बसवला आहे, भिंतीला धरायला दांडा आहे. पलंगाखाली ठोकळे घातलेत, म्हणजे उठताना गुडघा फार दुमडणार नाही. पारिजातकाची खिडकी तुमच्या उशाशी येते. आईची शिवणाची मशीन त्याच खिडकीखाली ठेवली आहे, उजेड वरच्यापेक्षा चांगला आहे, खरंच. देवघर हलवलेलं नाही. ते आई ठरवेल. जिन्याला आता दोन्ही बाजूंनी कठडा आहे. दुसरा खरं तर माइक बांधायला लावला होता, पण पक्का आहे, मी त्याला लोंबकळून पाहिलंय.

आल्यावर काही गोष्टी मुकाट्याने ऐकायच्या. बाबा, पाटावर बसायचं नाही, जेवायलाही नाही. जिना चढलाच तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि हातात वर्तमानपत्रसुद्धा नको. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी बंद करायची नाही, ‘आता बरं वाटतंय’ हे कारण धरलं जाणार नाही. आई, तुझ्या कपाटात साड्यांच्या खाली एक काळी डबी आहे. ती हार्ड डिस्क आहे. मिनिटाला १३८ एमबी या हिशेबाने सगळे टेक त्यात आहेत, तिसरी आणि शेवटची प्रत. पुसायला म्हणूनही हलवू नकोस.

गाडीत दोघांनाही खालचे बर्थ मिळालेत. इंदूरला उतरलात की डब्याच्या दारापाशीच थांबा, सामान उचलून पुढे चालू लागू नका. मी येतोय.

तुमचा,
बाळ

ता. क. सायकल विकलेली नाही. गच्चीवर ताडपत्रीखाली आहे. दोन्ही चाकांत हवा भरलेली आहे.