बॉनेट गार होतं

तीर्थस्वरूप काका यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्याकडून घेतलेली जुनी सफारी घरी येऊन आज नऊ दिवस झाले. अंगणात उभी आहे, आणि मी अजून रात्री एकदा तरी उठून खिडकीतून बघते. व्यवहार झाला, पैसे पोचले, मग हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण त्या सकाळी तुमच्या दारात मला धड बोलता आलं नाही, घसा दाटून आला होता. म्हणून लिहितेय. चारचौघांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

१९९८ साली टाटांची सफारी आली तेव्हा मी चौथीत होते. पाटणच्या स्टँडबाहेर एकदा उभी दिसली. चिखलानं माखलेली, मागच्या दारावर चाक अडकवलेलं, आणि इतकी उंच की टाचा वर करूनही आतलं काही दिसेना. आमचं गाव वर डोंगरात. पावसाळ्यात रस्ता खचला की एसटी खालच्या फाट्यावरच थांबायची, आणि आई आम्हाला दोन्ही हातांना धरून वर चालवत न्यायची. ही गाडी आपल्या दारापर्यंत येईल, एवढंच तेव्हा मनात आलं आणि ते तिथंच राहिलं. पुढं नोकरी, लग्न, घराचे हप्ते. २०१९मध्ये तिची नंतरची आवृत्ती, सफारी स्टॉर्मही बंद झाली. २०२१मध्ये त्याच नावाची नवी गाडी आली, ती चांगलीच आहे, पण मला लॅडर चेसिसवरची, म्हणजे शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर बसवलेली, मागच्या चाकांच्या जोरावर चढणारी जुनीच हवी होती. नवी परवडणारही नव्हती.

सात महिने शोधत होते. एका यार्डात मीटरवर ६२,००० किलोमीटर, आणि ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. गाडी एवढी कमी धावलीय तर हे कसं, असं मी विचारलं, तर तिथला माणूस माझ्याकडे न बघता धाकट्या भावाला म्हणाला, ‘मॅडमना गाडीतलं काय कळणार, आपण बोलू.’ पैसे माझे, लायसन्स माझं. दुसऱ्या एकानं टोकन म्हणून १०,००० रुपये घेतले. नंतर मी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ! पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून उभी केली होती. ते पैसे आजतागायत परत आलेले नाहीत. मी घरी येऊन रडले होते काका, पैशांसाठी नाही, तो माणूस ‘ताई, ताई’ करत बोलला होता म्हणून.

आणि एक गोष्ट जिथं जाईन तिथं सारखी. मी पोचायच्या आधीच गाडी चालू करून गरम करून ठेवलेली. ‘आत्ताच धुऊन आणली.’ डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेट घेतं. आत झीज असेल, थंड इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग किंवा डिझेल फवारणारे इंजेक्टर थकलेले असतील, तर सकाळच्या पहिल्या चावीला ते अडखळतं, धूर ओकतं. एकदा तापलं की यातलं बरंच झाकलं जातं. हे मला चार गाड्या बघून झाल्यावर गॅरेजवाल्यानं सांगितलं.

तुम्हाला मात्र मी काहीच सांगितलं नव्हतं. तुम्हीच आदल्या रात्री फोन केलात, ‘सकाळी साडेसातपर्यंत या. तोवर मी चावी लावत नाही.’

आम्ही पोचलो तेव्हा तुमच्या आल्याच्या शेतावर धुकं होतं. भाऊ पुढं झाला, तर तुम्ही त्याला हातानंच थांबवलंत आणि मला म्हणालात, ‘ताई, बॉनेटला हात लावा.’

लावला. पत्र्यावर दव होतं, तळवा ओला झाला. ‘गार हाय न्हवं? आता तुमच्या हातानं चालू करा.’ आणि त्याच ओल्या तळव्यावर तुम्ही चावी ठेवलीत. ग्लो प्लग तापल्याचं सांगणारा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबले, चावी फिरवली, आणि पहिल्या फेरीला इंजिन लागलं. गाडी तर मला आधीच आवडली होती. पण सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला ती माझ्या हातानं पारखू दिली.

मग मागचं डावं दारही तुम्हीच दाखवलंत. ‘हे रंगवलंय. गोठ्याच्या खांबाला मीच लावली होती.’ रंग इतका जुळलेला की मला आयुष्यात कळलं नसतं. चांगुलपणाला पैसे पडत नाहीत असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. त्या एका वाक्यानं तुमचे वीस-पंचवीस हजार सहज जाऊ शकत होते, आणि गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. तरी तुम्ही बोललात. अशी माणसं आहेत म्हणून तर अनोळखी माणसाच्या दारात जाऊन उभं राहायची हिंमत होते, नाहीतर त्या सीटबेल्टनंतर मी नाद सोडला होता.

काकूंना नमस्कार. त्यांनी स्टेअरिंगला बांधलेला काळा दोरा तसाच ठेवलाय. डिझेलची वहीही पुढं चालू केली आहे, तुमच्या शेवटच्या नोंदीखाली माझी पहिली.

गेल्या रविवारी आईला घेऊन वर गावी गेले. फाट्यावर ती सवयीनं उतरायला लागली. म्हटलं, बस, आई.

तुमचं ऑपरेशन झालं की भेटायला येते. त्या दिवशीही बॉनेटला हात लावून बघा. गरम लागेल, कराडपासून मीच चालवत आणलेली असेल.

तुमची,
सफारीवाली ताई